पंप काढू नका, आधी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचक भगिनींचे पत्र आले होते. शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या जुन्या यामाहा आरएक्स मोटारसायकली गल्लीत निळा धूर सोडतात, घरात दम्याच्या सासूबाई आहेत, तेव्हा या टू-स्ट्रोक गाड्या सरसकट भंगारात घाला, असे त्यांनी लिहिले आहे. त्यांचा त्रास खरा आहे. गाडी उभ्या उभ्या निळ्या धुराने गल्ली भरत असेल तर ती रस्त्यावर आणू नये, हे मलाही मान्य आहे. पण तो धूर गाडीच्या जन्माबरोबर येत नाही. आपल्याकडे बीड, जालना, परभणी, लातूर कुठेही जा, बऱ्याच गॅरेजांत या गाड्यांचा ऑइल पंप काढून टाकतात किंवा केबल सोडून बंद करून ठेवतात आणि मालकाला सांगतात, आता पेट्रोलमध्येच ऑइल टाकत जा. धूर तिथून सुरू होतो आणि पुष्कळ इंजिनांचा शेवटही तिथेच होतो. माझे इंजिन असेच गेले होते, म्हणून हे पत्र.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून बीड जिल्ह्यात नोकरी केली. खेड्यात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात. १९९१ साली पतसंस्थेचे कर्ज काढून यामाहा आरएक्स १०० घेतली. एस्कॉर्ट्सने ती १९८५ साली आपल्या देशात आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. ९८ सीसीचे एकच सिलिंडर, अकरा हॉर्सपॉवर, वजनाला हलकी. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी बर्फाच्या डब्यात घालून नेकनूर, लिंबागणेश, चौसाळा या बाजूची गावे मी तिच्यावर केली. लस गार राहिली पाहिजे. गाडी दुपारच्या उन्हात रस्त्यावर बंद पडली की बर्फ वितळतो, लस वाया जाते आणि गावातले शेतकरी दावणीला जनावरे बांधून वाट बघत बसतात. त्यामुळे माझ्यासाठी गाडी म्हणजे हौस नव्हती.

ज्यांनी टू-स्ट्रोक हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फोर-स्ट्रोक गाडीच्या पोटात ऑइल भरलेले असते, ते फिरत राहते, पुन्हा पुन्हा वापरले जाते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जातात, म्हणून तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला जे वंगण मिळते ते पेट्रोल-हवेबरोबर आत येते, काम करते आणि जळून जाते. (गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे. ते भरले म्हणजे इंजिनाला ऑइल मिळाले, असे समजणारे लोक मला अजून भेटतात.) राजदूत आणि येझदीवाले लोक पंपावर लिटरमागे मापाने ऑइल टाकून घ्यायचे. यामाहाने १९६४ साली वायए-६ या गाडीवर ऑटोल्यूब आणले. त्यात ऑइलची टाकी वेगळी असते आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप लागेल तेवढेच ऑइल आत सोडतो. आरएक्सला तोच पंप आहे. तो दोन गोष्टींवर चालतो. इंजिन जितके फिरेल तितका तो फिरतो, आणि एक्सिलेटर जितका पिळाल तितका त्याचा स्ट्रोक, म्हणजे दर खेपेला ऑइल ढकलण्याचे माप, वाढतो. या दोन गोष्टी एवढ्यासाठी सांगतो की माझे इंजिन का गेले, ते त्यांच्यातच आहे.

१९९८ चा मे महिना होता. सर्व्हिसिंगला गाडी ज्या गॅरेजात दिली तिथल्या मिस्त्रीने पंप काढला आणि त्याच्या जागी पत्र्याची चकती मारली. म्हणाला, "पंपाचा भरवसा नाही साहेब, बंद पडला तर कळत नाही, इंजिन खाऊन टाकतो. पेट्रोलमधी टाकत जा, डोक्याला ताप नाही." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पंप बंद पडला तर आरएक्सवर तो सांगणारा दिवा नाही. मला पटले. पंप कागदात गुंडाळून त्याने माझ्या हातात दिला, तो मी लसीच्या रिकाम्या डब्यात टाकला.

तीन आठवडे काही झाले नाही. मग एके दिवशी चौसाळ्याहून लसीकरण उरकून बीडला परत येत होतो. मांजरसुंब्यापर्यंत सपाटीवर गाडी चांगली तापवत आलो होतो, दुपारचे ऊन होते. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलो, एक्सिलेटर पूर्ण सोडला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, कारण उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवावी अशीच आमची सवय. दुसऱ्या वळणावर मागचे चाक जागच्या जागी जखडले. गाडी आडवी घसरत गेली. क्लच दाबायचे सुचले म्हणून कठड्याच्या अलीकडे थांबलो. गुडघा आणि कोपर सोलले, त्यापलीकडे मला काही झाले नाही. कीक खाली जाईना. पालीच्या पुढे एका टेम्पोत गाडी टाकून बीडला आणली.

चाचांनी ब्लॉक उतरवला. बीडला लेथचे काम करणारे ते जुने मिस्त्री, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. पिस्टनच्या अंगावर ॲल्युमिनियम लिंपल्यासारखे पसरले होते, सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, रिंगा खाचेतच दबून बसलेल्या. त्यांनी मला घाटाचे विचारले, सपाटीचे विचारले, मग म्हणाले, "डॉक्टरसाब, उतारावर तुम्ही एक्सिलेटर सोडला, म्हणजे पेट्रोल थांबलं. ऑइल पेट्रोलमधीच होतं, तर ऑइल बी थांबलं. पण इंजिन तर चाकानं फिरवलंच ना? कोरडं फिरलं ते."

एवढी साधी गोष्ट मला सात वर्षांत कोणी सांगितली नव्हती. पंप असता तर एक्सिलेटर सोडलेला असतानाही इंजिनाच्या फेऱ्यांवर तो चालत राहिला असता आणि कमीत कमी स्ट्रोकवर का होईना, ऑइल देत राहिला असता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून गाडी चालवायला हरकत नाही, शर्यतीच्या गाड्या तशाच चालतात. पण मग उतारावर अधूनमधून एक्सिलेटर द्यावा लागतो किंवा क्लच दाबून इंजिन मोकळे करावे लागते. पंप काढणारा मिस्त्री हे सांगत नाही. आमच्याकडे बालाघाटाचे उतार रोजचे आहेत.

चाचांनी सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवला, आणि मग लसीच्या डब्यातला पंप मागितला. तो त्यांनी माझ्यासमोर रॉकेलमध्ये धुतला, हाताने फिरवून बघितला. पंपात काही बिघाड नव्हता. ऑइलच्या नळीत हवा अडकली होती. त्या हवेपायी माझे इंजिन गेले आणि त्या काळातले माझे महिन्याचे घरभाडे.

पंप परत बसवताना त्यांनी मला जवळ बसवून घेतले. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर मी स्वतः पंप तपासतो. कसा, ते सविस्तर लिहितो, म्हणजे कोणाच्या तरी कामी येईल.

सुरुवात टाकीपासून. ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. धूळ आणि ऑइल मिळून ते बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि ऑइल खाली उतरत नाही. सुई फिरवली की झाले. टाकीतून पंपाकडे येणारी नळी जुनी झाली की काचेसारखी कडक होते, तोंडाशी तडकते आणि तिथून हवा ओढते. ऑइल बाहेर गळत नाही म्हणून नळी चांगली आहे असे धरू नका. मी दर दोन वर्षांनी ती बदलतो, आणि पारदर्शकच घेतो, कारण बुडबुडा दिसला पाहिजे.

नंतर उजव्या बाजूचे पंपाचे छोटे कव्हर उघडायचे. आत कोरडे आणि स्वच्छ असावे. ऑइल साचलेले असेल तर पंपामागचे पॅकिंग किंवा सील गेले. इंजिन हळू चालू ठेवून बघितले की पंपाची चकती सावकाश फिरताना दिसते. ती फिरत नसेल तर आतला गिअर गेला, तेव्हा गाडी एक फुटही चालवू नये.

सगळ्यात जास्त चुका केबलमध्ये होतात. हँडलवरून येणारी एक्सिलेटरची केबल मध्ये दोन फाट्यांत विभागते. एक फाटा कार्बोरेटरला जातो, दुसरा पंपाच्या पुलीला. केबल तुटली की कोणीतरी स्वस्तातली एकेरी केबल टाकतो. गाडी चालते, पळते, मालक खूश. पण पंपाची पुली बंद एक्सिलेटरच्याच जागी राहते. गाडी ऐंशीने पळतेय आणि ऑइल मिळतेय उभ्या गाडीइतक्या स्ट्रोकचे. अशी गाडी महिना-दोन महिन्यांत सीज होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो, आणि दोष मात्र पंपाला जातो. याच्या उलट, फाटा गंजून ताणलेला राहिला तर पंप सतत पूर्ण स्ट्रोकवर ऑइल ओततो आणि गल्लीत धूर होतो. पुलीवर एक खूण असते आणि समोर एक पिन. केबलचा ढिलेपणा काढून ती खूण पिनेशी जुळवायची. कोणत्या मॉडेलला एक्सिलेटर कुठे धरून जुळवायची हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेले असते. तेच बघावे, अंदाजाने करू नये.

मग हवा काढणे. पंपावर हवा काढण्याचा एक लहान स्क्रू असतो, त्याखाली छोटे वायसर असते. (ते वायसर हरवू नका, मी एकदा हरवले होते आणि दोन दिवस फिरलो.) स्क्रू काढून खाली चिंधी धरायची आणि टाकीतले ऑइल बुडबुड्याशिवाय सलग येईपर्यंत वाहू द्यायचे. स्क्रू बसवायचा. पंपापुढच्या बारीक नळीत हवा राहिलेली असते, ती काढायला इंजिन हळू चालू ठेवून पंपाची पुली हाताने पूर्ण उघडी धरायची. तेवढ्या वेळापुरते पेट्रोलच्या टाकीत लिटरला ४० मिली ऑइल टाकून ठेवतो, म्हणजे नळी भरेपर्यंत इंजिन कोरडे राहत नाही. धूर होतो, म्हणून हे काम मी घरासमोर न करता शेताच्या बांधावर जाऊन करतो.

पंप किती ऑइल सोडतो हे तपासायचे असेल तर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे माप, लागते. पंपाची चकती हाताने फिरवत फिरवत प्लंजर (आतला दट्ट्या) पूर्ण बाहेर आला की पुली आणि तिच्यापुढची पट्टी यांच्यात फट पडते. बंद एक्सिलेटरला ती फट म्हणजे पंपाचा कमीत कमी स्ट्रोक. यामाहाच्या या जातीच्या पंपांत ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुन्हा पुस्तकातलाच धरायचा. फट कमी-जास्त असेल तर पट्टीखालची पातळ वायसरे बदलून ती दुरुस्त होते. एवढ्या कामाला पंप फेकून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

सकाळी पहिल्या किकला धुराचा मोठा लोट आणि मग गाडी स्वच्छ, असे होत असेल तर बारीक नळीच्या टोकाचा व्हॉल्व्ह बघा. आत स्प्रिंगवर एक गोळी असते. ती नीट बसत नसेल तर गाडी उभी असताना ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये उतरते.

ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांनी निदान एवढे करावे. ऑइलची टाकी एका खुणेपर्यंत भरा, किती किलोमीटरला लिटर संपते ते वहीत लिहा. माझ्या गाडीचे लिटरभर ऑइल साधारण १३०० किलोमीटर जाते. गाडी पेट्रोलला ४२ चे ॲव्हरेज देते, म्हणजे एकतीस लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल. हा आकडा अचानक १८०० झाला तर आनंद मानू नका. पंप ऑइल कमी देतोय. ८०० झाला तर जास्त देतोय. माझ्या वहीत १९९८ पासूनच्या नोंदी आहेत, आणि नळीत हवा शिरल्याचे मला दोन वेळा या वहीनेच इंजिनाच्या आधी कळवले.

ऑइलबद्दलही लिहिले पाहिजे. किराणा दुकानात बाटलीतून सुटे मिळणारे लाल ऑइल मी घेत नाही. डब्यावर जासो (JASO, टू-स्ट्रोक ऑइलची जपानी प्रतवारी) एफसी किंवा एफडी लिहिलेले बघूनच घ्यावे. ही कमी धुराची प्रत आहे. काही जण पैसे वाचवायला या टाकीत फोर-स्ट्रोकचे ऑइल भरतात. ते जळण्यासाठी केलेलेच नसते. प्लगवर राख जमते, सायलेन्सर चोंदतो आणि धूर सुटतो तो वेगळाच.

आता त्या भगिनींच्या धुराविषयी. पंप काढल्यावर मिस्त्री स्वतःच्या जबाबदारीतून सुटायला पोराला सांगतो, लिटरला साठ-सत्तर मिली टाक. पोराकडे माप नसते. ते बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतते, आणि भीतीपोटी थोडे जास्तच. पंप उभ्या गाडीला फार थोडे ऑइल देतो आणि पूर्ण एक्सिलेटरला भरपूर. पेट्रोलमधल्या ऑइलला ते करता येत नाही. ट्रॅफिकमध्ये उभे असतानाही तेच प्रमाण जळते. त्यांच्या गल्लीतला धूर बहुतेक असाच येत असणार. टू-स्ट्रोक गाडी फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त प्रदूषण करते, हे मी नाकारत नाही. थोडे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते, तिची रचनाच तशी आहे. म्हणून ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसीमध्ये हायड्रोकार्बन ९००० पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालते, नंतरच्यांना त्याहून कमी. माझी गाडी दर वेळी त्या मर्यादेत बसते. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर, सगळे वेळेवर भरलेले आहे. ज्या गाड्या बसत नाहीत त्या खुशाल थांबवाव्यात. पण थांबवण्याआधी पंप आहे की नाही, हे कोणी बघते का?

आपल्या दैनिकाला माझी दोन मागण्यांची विनंती आहे. एक, ज्या तरुणांनी हल्ली मोठी रक्कम देऊन आरएक्स आणि आरडी ३५० शोधून घेतल्या आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोहोचावे. आरडीवाल्यांनी तर जास्त जपावे, तिच्या दोन सिलिंडरांना पंपातून दोन वेगळ्या नळ्या जातात. एक नळी चोंदली तरी गाडी चालत राहते आणि एकच पिस्टन मरतो. हे लोक रंग आणि क्रोमवर हजारो रुपये घालतात. त्यांनी पहिल्या दिवशी ते छोटे कव्हर उघडावे. दोन, आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये दुचाकीचे काम शिकणाऱ्या मुलांना आता टू-स्ट्रोक हाताळायला मिळणे कठीण झाले आहे, ते समजण्यासारखे आहे. पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि चाचांसारखे लोक आता राहिले नाहीत. एखाद्या संस्थेने एक दिवस काढला तर माझी गाडी, पंप उघडून, मी मुलांसमोर घेऊन यायला तयार आहे. फीलर गेज आणि पारदर्शक नळी माझीच असेल.

त्या भगिनींना एवढेच सांगतो, गल्लीतल्या त्या पोराला माझ्याकडे पाठवा. रविवारी सकाळी मी घरीच असतो. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पैसे घेणार नाही. येताना पंप कुठे ठेवलाय तेवढा शोधून आण म्हणावे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
बीड